वजन खरं लिहा, भीतीही खरी सांगा

प्रश्न नाशिकच्या एका गृहस्थांचा आहे. डिसेंबरात ते, पत्नी, ११ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांचे वडील असे चौघं आधी सॅन होजेला बहिणीकडे आणि तिथून आठवडाभर हवाईच्या बिग आयलंडवर जाणार आहेत. तिथे एखाद्या चालू रँचवर, म्हणजे जिथे खरोखर गुरं पाळली जातात अशा ठिकाणी, गाइडबरोबर घोड्यावरून दोन तासांची फेरी करायची इच्छा आहे. घोड्याचा अनुभव माथेरानचा, तेवढाच. वडिलांच्या एका गुडघ्याचा सांधा बदललेला. घोडा पळवायला मिळतो का, कपडे काय घालायचे, वडिलांना झेपेल का, असे प्रश्न आहेत आणि शेवटी जरा संकोचत विचारलंय, "माझं वजन १०४ किलो आहे. फॉर्मवर ९५ लिहिलं तर चालतं ना?"

शेवटच्यापासून सुरुवात करते. नाही चालत.

मी तेरा वर्षं याच बेटावर, वायमेआ गावाच्या बाजूला, पाहुण्यांना घोड्यावरून फिरवायचं काम करतेय. तुम्ही पोचायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कॉफी घेऊन बसतो आणि फॉर्म समोर ठेवून कुणाला कोणता घोडा द्यायचा ते ठरवतो. त्या वेळी आमच्या हातात तुमच्याविषयी चारच गोष्टी असतात: वय, उंची, वजन आणि "अनुभव" या रकान्यात तुम्ही काय लिहिलंय ते. इथले घोडे बहुतेक क्वार्टर हॉर्स जातीचे किंवा त्यांच्या मिश्र पैदाशीतले, ४५० ते ५०० किलोंचे. घोड्याने त्याच्या वजनाच्या साधारण २० टक्के ओझं वाहावं, असा आमचा हिशेब, आणि त्यात खोगीरही धरायचं. इथलं काउबॉय पद्धतीचं खोगीर एकटंच १५ ते १८ किलो भरतं. म्हणजे तुमचे १०४ आणि खोगीर मिळून १२० च्या आसपास. त्याला ६०० किलोंचा, अवजड जातीचं रक्त असलेला, रुंद पाठीचा घोडा लागतो. असे घोडे रँचवर एक किंवा दोन असतात. काही ठिकाणी एकही नसतो आणि मग मर्यादा १०० किलोंच्या आसपासच ठेवतात. तुम्ही ९५ लिहिलंत तर मी तुम्हाला मधल्या अंगाचा घोडा देणार, आणि भोगणार तो.

हे मी एकदा बघितलंय, आणि चूक माझीही होती. एका पाहुण्यांचा आकडा मला समोर बघूनच खोटा वाटला होता, पण मागे दहा जण ताटकळलेले, म्हणून मी गप्प बसले. लेहुआ नावाची कुमेत, म्हणजे तांबूस रंगाची, घोडी होती, स्वभावाने गाय. दोन तास डोंगर चढली-उतरली, कान पाडून, पण एकदाही अडली नाही. परत आल्यावर खोगीर उतरवलं, खालची घोंगडी उचलली. सगळी पाठ घामाने काळी झालेली आणि मानेच्या मुळाशी दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन डाग कोरडे ठणठणीत. घोडेवाल्याला त्या कोरड्या डागांची धास्ती असते. तिथे खोगीर इतकं रुतलेलं असतं की घामसुद्धा सुटत नाही. दुसऱ्या दिवशी तिथे बोट लावू देईना. आपल्याकडे बैलाचा खांदा लागतो म्हणतात ना, तशी पाठ लागली. तीन आठवडे ती कुरणात बसून राहिली आणि पुढे त्या जागी पांढरे केस आले, ते आजही आहेत. तुम्ही जाल तिथल्या घोड्यांच्या पाठीकडे बघा. खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके बऱ्याच घोड्यांना दिसले, तर ती जागा फार चांगली नाही एवढं समजा.

दुसरी गोष्ट भीतीची. पुरुष मंडळी ती लपवतात, आणि लपवायचा एक ठरलेला मार्ग म्हणजे "हो हो, केलंय मी रायडिंग." अशा माणसाला आम्ही जरा चपळ घोडा देतो. मग तो वर बसला की पाय घोड्याच्या पोटाला गच्च आवळतो, कारण पडायची भीती. आणि त्याच भीतीने लगामही दोन्ही हातांनी ओढून धरतो. घोड्याच्या भाषेत पाय आवळणं म्हणजे चल आणि लगाम ओढणं म्हणजे थांब. गाडीत ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबल्यासारखं. गरीब घोडा ते सहन करतो, शेपटी झटकतो. चपळ घोडा जागच्या जागी नाचायला लागतो, मग माणूस अजून आवळतो. "मला भीती वाटते" एवढं सांगितलंत तर कळपातला सगळ्यात आळशी, सगळं बघून झालेला म्हातारा तुमच्या वाट्याला येईल आणि माझ्या घोड्याच्या बरोबर मागे तुमची जागा असेल. मुलीला भीती वाटत नसेल, ११ वर्षांच्या मुलींना बहुधा वाटत नाही. तिचं मला काही टेन्शन नाही.

आता माथेरानचं. तिथे घोडेवाला लगाम धरून पुढे चालतो आणि तुम्ही वर बसून फोटो काढता. इथे लगाम तुमच्या हातात असतो. तुम्हाला धरून चालणारं कुणी नाही. गाइड पुढे, मोठा गट असेल तर एक मागे, आणि मधे तुम्ही आणि तुमचा घोडा. लगाम एका हातात धरायचा, खोगिराच्या पुढच्या मुठीच्या जरा वर, आणि ज्या बाजूला वळायचंय तिकडे हात न्यायचा. लगामाची दोरी मानेला टेकली की घोडा वळतो, ओढावं लागत नाही. पुण्यात मी शिकले ते इंग्रजी पद्धतीचं होतं, दोन हातांत दोन लगाम. इथे आल्यावर पहिला महिनाभर डावा हात सारखा मधे यायचा, आणि इथले म्हातारे काउबॉय बघून हसायचे.

त्या म्हाताऱ्यांना इथे पानिओलो म्हणतात, आणि तुम्ही जिथे जाताय तिथे नेमकं काय चालतं ते कळायला त्यांची गोष्ट माहीत असलेली बरी. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरने कामेहामेहा राजाला गुरं भेट दिली. राजाने ती मारण्यावर कापू, म्हणजे धर्माची बंदी घातली. गुरं वाढली, रानटी झाली, शेतं तुडवायला आणि माणसांच्या अंगावर यायला लागली. घोडे आले १८०३ मध्ये, कावाइहाए बंदरात, तुम्ही समुद्राकडे जाल तेव्हा तो फाटा लागेल. पण गुरांना घोड्यावरून कसं आवरायचं ते इथे कुणाला येत नव्हतं. म्हणून १८३०च्या दशकात तिसऱ्या कामेहामेहाच्या काळात कॅलिफोर्नियाहून, तेव्हा तो मेक्सिकोचा भाग होता, गुराखी बोलावले. ते 'एस्पान्योल' बोलायचे. हवाईयन भाषेत 'स'च नाही, म्हणून झाले 'पानिओलो'. अमेरिकेतल्या ज्या काउबॉयना आपण सिनेमात बघतो, त्यांच्या कळप हाकण्याच्या दिवसांच्या कितीतरी आधी हे लोक दोर फेकत होते. जॉन पार्कर नावाचा मॅसॅच्युसेट्सचा खलाशी इथे उतरला, राजघराण्यातल्या मुलीशी लग्न केलं आणि १८४७ मध्ये त्याची रँच सुरू झाली. ती पार्कर रँच अजून चालू आहे. आणि १९०८ मध्ये वायमेआचा इकुआ पर्डी वायोमिंगमधल्या शायेनच्या स्पर्धेत उधार घेतलेल्या घोड्यावर बसून उतरला आणि ५६ सेकंदांत बैल दोराने पाडून बांधून पहिला आला. त्याचा पुतळा गावात आहे, बघून या. इथल्या बायकाही घोड्यावर बसायच्या, कित्येक वार कापड गुंडाळून त्याचा पायघोळ झगा करून, त्याला पाऊ म्हणतात. जूनमध्ये कामेहामेहा दिनाच्या मिरवणुकीत अजून निघतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला गिरगावात पाडव्याला नऊवारी नेसून बुलेटवर निघालेल्या बायकाच आठवल्या.

हे सगळं सांगायचं कारण, चालू रँचवर पाहुणे हा जोडधंदा असतो. मुख्य धंदा गुरांचा. गायी इथे वितात, वासरं मोठी होतात, दूध सुटलं की त्यातली बरीचशी जहाजाने अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जातात आणि तिथे पुढे वाढवली जातात. कुरणं पाळीपाळीने चरायला सोडतात, म्हणून एका आठवड्यात जिकडून वाट गेली तिकडून पुढच्या आठवड्यात जाईलच असं नाही. वासरांना तापल्या लोखंडाने डाग देण्याचा दिवस असेल तर शेजारपाजारच्या रँचवरूनही माणसं मदतीला येतात आणि पाहुण्यांची फेरी पुढे ढकलतात किंवा दुसऱ्या अंगाने नेतात. चिडू नका. त्या दिवशी लांबून का होईना, बघायला मिळालं तर तुमचं नशीब. वाटेत फाटक लागलं तर ते जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद, कारण त्यामागे कुणाचा तरी हिशेब असतो. गाय आणि तिचं वासरू यांच्या मधून घोडा कधी घालायचा नाही, हे गावाकडच्या कुणाला सांगायला नको, पण शहरातल्यांना सांगावं लागतं.

एक गोष्ट आधीच बोललेली बरी, कारण आपल्याकडची मंडळी इथे आल्यावर मग अस्वस्थ होतात. ही गुरं मांसासाठी पाळलेली असतात. काही रँचवर फेरीनंतर जेवण असतं, त्यात बीफ असतं. तुमच्या वडिलांना ते खुपणार असेल तर बुकिंगच्या वेळीच विचारा आणि नुसती फेरी घ्या. एकदा एक काका अर्ध्या वाटेवर गायींचा कळप बघून हात जोडायला लागले आणि मग त्यांनी मला विचारलं, या पुढे जातात कुठे. मी खरं सांगितलं. उरलेली वाट ते काही बोलले नाहीत.

घोडा पळवायला मिळेल का? कोहाला डोंगराच्या उतारांवर मोकळी कुरणं आहेत, तिथे काही रँचवर घोडे एकामागोमाग ओळीत नेत नाहीत, आपापल्या वाटेने पसरून चालतात. ज्यांना येतं त्यांना तिथे दुडकी आणि पुढे कँटर, म्हणजे त्याहून वेगाची दौडही करू देतात, पण आधी गाइड तुमची बैठक बघून घेतो. तुम्हाला या खेपेला मिळेल असं मला वाटत नाही. दुडकी ही नवख्याची सगळ्यात मोठी फजिती, ढुंगण खोगिरावर आपटतं आणि जीभ चावली जाते. खरंच हौस असेल तर डिसेंबरच्या आधी पुण्यात आठ-दहा तास शिकून या. नाही आलात तरी बिघडत नाही, चालत्या घोड्यावरूनच इथलं जे बघायचं ते सगळं दिसतं: एका बाजूला मौना केआ पर्वत, डिसेंबरात कधी कधी माथ्यावर बर्फ, आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्रापलीकडे माऊई बेटावरचा हालेआकाला पर्वत. त्या दिवसांत कोहालाच्या समुद्रात देवमासेही आलेले असतात, वरून फवारा दिसतो.

कपड्यांचं: वायमेआची उंची जवळजवळ माथेरानइतकीच, सुमारे २६०० फूट. खाली समुद्रावरच्या हॉटेलात ऊन भाजत असतं आणि वर अर्ध्या-पाऊण तासात दात वाजतात. इथल्या बोचऱ्या, वाऱ्याबरोबर येणाऱ्या पावसाला स्वतःचं नाव आहे, कीपुउपुउ. हाफ पँट घालून आलेल्या माणसाला आम्ही घोड्यावर बसवत नाही, रिकिबीचं, म्हणजे पाय ठेवायच्या कडीचं, चामडं पोटरी सोलून काढतं. जीन्स, पण जाड शिवण मांडीच्या आत येत नसेल अशी. बंद बूट, जरा टाच असलेले, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. पडलात आणि पाय अडकला तर घोडा फरफटत नेतो, सगळ्यात वाईट अपघात तो. हेल्मेट मागून घ्या, मोठ्यांनाही. काही ठिकाणी मोठ्यांना सक्ती नसते, माझ्याकडे असते. फडफडणारा प्लास्टिकचा रेनकोट आणू नका. रँचवर जाड रेनकोट देतात. आणि घोड्यावर बसल्या बसल्या जॅकेट काढायला जाऊ नका, दोन्ही हात बाहीत अडकलेले आणि लगाम सुटलेला, असं दृश्य मी दर हिवाळ्यात एकदा तरी बघते. थांबवा, मी खाली उतरून धरते, मग काढा. मोबाइल चेनच्या खिशात.

बूट मात्र गावाकडच्या गोठ्यात वापरलेले आणू नका. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे, अमेरिकेत १९२९ नंतर तो रोग आलेला नाही, आणि तो येऊ नये म्हणून विमानतळावर विचारतात की नुकतेच शेतावर, गुरांजवळ गेला होतात का. गेला असाल तर हो म्हणा, बूट बघतील, फार तर धुवून देतील. लपवलं आणि सापडलं तर दंड. इथे रानात जाण्याआधीही बुटांचे तळवे घासायला लावतात, ते वेगळ्या कारणासाठी. ओहिआ नावाच्या इथल्या मूळ झाडांना बुरशीचा एक रोग लागलाय, २०१४ मध्ये ती बुरशी ओळखली गेली, आणि चिखलाबरोबर ती एका रानातून दुसऱ्या रानात जाते.

आता वर बसल्यावरचं, थोडक्यात. ठोकळ्यावर चढून बसा, जमिनीवरून चढायची मर्दुमकी नको, सगळं वजन एका बाजूने पडून घोड्याची पाठ पिळवटते. मी तुमचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, तीनदा आवळीन. पहिल्यांदा घोडा पोट फुगवून धरतो, हा त्यांचा जुना डाव. दहा मिनिटं चालल्यावर पोट सैल सोडतो तेव्हा पट्ट्याखाली तीन-चार बोटं जातात, म्हणून मी पुन्हा थांबवते. गाइडने ते केलं नाही तर तुम्ही सांगा. चढावर जरा पुढे झुका आणि आयाळ धरा, उतारावर खांदे मागे, टाचा खाली. पुढच्या घोड्यापासून एका घोड्याचं अंतर ठेवा. नवरा-बायको शेजारी शेजारी यायला बघतात, पण घोड्यांचं आपसांत जमतंय की नाही ते त्यांना विचारलेलं नसतं, आणि लाथ नेमकी माणसाच्या नडगीवर बसते.

घोडा गवताला तोंड घालणार. इथलं किकुयू गवत हिरवंगार आणि गोड, त्याचा दोष नाही. पण पहिल्यांदाच मान वर ओढली नाहीत, तर दोन तास तुम्ही त्याला चरायला घेऊन आलात असं तो धरून चालतो. मुलीला हे खास सांगा, तिला त्याची दया येईल. कधी गवतातून रानटर्की फडफडून उठतात किंवा डुक्कर पळतं, घोडा दचकून बाजूला उडी मारतो. खोगिराची मूठ धरा, ओरडू नका. आणि खरंच पळायला लागला तर दोन्ही लगाम ओढू नका, एकच लगाम हळूहळू मांडीकडे ओढा. मान वळली की त्याला गोल फिरावं लागतं आणि गोल फिरणारा घोडा थांबतो. तेरा वर्षांत पाहुण्यांना हे करायची वेळ माझ्यासमोर तीनदा आली, त्यातला एक बारा वर्षांचा मुलगा होता आणि सगळ्यात नीट त्यानेच केलं.

वडिलांविषयी मी जरा थांबून बोलते. बदललेला गुडघा घेऊन घोड्यावर बसलेली माणसं मी नेली आहेत. त्रास घोडा चालताना कमी, त्यावर चढता-उतरताना जास्त. उतरताना सगळं वजन क्षणभर एका पायावर येतं आणि तास-दोन तास फाकलेले पाय तेव्हा लाकडासारखे झालेले असतात. इथलं खोगीर रुंद, त्यामुळे मांड्या आणि गुडघा बाहेर पिळले जातात. आधी त्यांच्या सर्जनला विचारा, आणि विचारताना "घोडेस्वारी" एवढंच म्हणू नका, पाय किती फाकतो ते बसून दाखवा. डॉक्टर हो म्हणाले तरी दोन तास नको, एक तासाची फेरी, रिकीब नेहमीपेक्षा दोन भोकं लांब आणि उतरताना खाली ठोकळा. त्यांना स्वतःला नको असेल तर आग्रह करू नका. पुष्कळ ठिकाणी गाडीतून रँच दाखवतात.

खर्च दीड-दोन तासांना माणशी साधारण शंभर ते दोनशे डॉलर, वर गाइडला १५-२० टक्के टीप द्यायची इथली रीत आहे. डिसेंबर गर्दीचा, महिनाभर आधी बुक करा.

आणि फॉर्मवर १०४ लिहा. पौंडात २२९ होतात, तेही बाजूला लिहा, इथल्यांना किलो कळत नाहीत. त्या दिवशी मोठा घोडा आधीच कुणाला दिलेला असेल तर तुम्हाला दुसऱ्या दिवशी यायला सांगतील. या.